शून्य शुल्काच्या तक्त्यातला गाळलेला रकाना

प्रति,
केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय व केंद्रीय वित्त मंत्रालय, नवी दिल्ली
(कापसाच्या आयात शुल्काची फाईल सध्या ज्यांच्या टेबलावर असेल, त्यांनी कृपया वाचावे.)

विषय : कापसावरील शुल्कमाफीला ३१ डिसेंबर २०२५ नंतर मुदतवाढ न देण्याबाबत, आणि युरोपशी केलेली तुलना अर्धवट न सोडण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला शेतकरी. सहा एकर कोरडवाहू. पाच एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि एकात तूर. वडील गेले आणि शेती अंगावर आली. त्याआधी अकरा वर्षे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, मुनीम होतो. त्यामुळे कापूस मी शेतातही पाहिला आहे आणि खतावणीतही. दोन्हीकडे तो सारखा दिसत नाही, एवढे या पत्राच्या सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

गेल्या महिन्यात पुतण्याने व्हॉट्सॲपवर एक तक्ता पाठवला. पोरगा एका सूतगिरणीत हिशेब पाहतो. तक्त्यात देशांची नावे आणि पुढे कच्च्या कापसावरचे आयात शुल्क. बांगलादेश शून्य, व्हिएतनाम शून्य, युरोपीय संघ शून्य, आणि खाली लाल अक्षरांत भारत ११ टक्के. सोबत पुतण्याचा प्रश्न : "काका, युरोपसारखा श्रीमंत मुलूख शुल्क घेत नाही, मंग आपणच काऊन घेतो?"

प्रश्न रास्त आहे. असे तक्ते तुमच्यापर्यंतही येत असणार, कारण हे ११ टक्के ३१ डिसेंबरपर्यंत माफ आहेत आणि ती माफी वाढवून मागणारे सध्या हेच सांगत आहेत. म्हणून पुतण्याला द्यायचे उत्तर तुम्हालाच पाठवतो आहे.

आधी कबूल करतो की आकडा खरा आहे. युरोपीय संघ कच्च्या कापसावर शुल्क घेत नाही. बांगलादेशही घेत नाही, पण त्याचा विचार करायला नको. तिथे नावापुरता कापूस पिकतो आणि गिरण्या जवळपास सगळ्या बाहेरच्या रुईवर चालतात. ज्याच्या घरी विहीरच नाही तो पाण्याच्या टँकरवर कर कशाला लावेल? चीन मात्र त्या तक्त्यात नव्हता. चीन आपल्यासारखाच पिकवणारा देश. तो दरवर्षी ८ लाख ९४ हजार टनांचा कोटा १ टक्का शुल्काने आत घेतो आणि त्यापुढच्या मालाला ४० टक्क्यांपर्यंत दर ठेवतो. तक्ता करणाऱ्याला ही ओळ सापडली नसेल असे मला वाटत नाही.

आता युरोप. युरोपीय संघात कापूस पिकतो तो मुख्यतः ग्रीसमध्ये, उरलेला स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसियात, आणि चिमूटभर बल्गेरियात. सगळे मिळून क्षेत्र तीन लाख हेक्टरांच्या आसपास. आमच्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यात त्याहून जास्त जमिनीवर पऱ्हाटी उभी असते. आणि एवढा थोडका पिकवूनही युरोप कच्च्या कापसाची आयात करतो त्यापेक्षा निर्यात जास्त करतो. ग्रीसचा कापूस तुर्कस्तानला जातो, इजिप्तला जातो. कारण कापूस कातणाऱ्या गिरण्याच तिथे फारशा उरल्या नाहीत.

आपले काय? २०२४-२५ च्या हंगामात आपण ४१ लाख गाठी बाहेरून आणल्या. त्याच्या आदल्या हंगामात १५ लाखांच्या आसपास होत्या. १७० किलोची गाठ धरली तर ४१ लाख गाठी म्हणजे जवळपास ७ लाख टन रुई. युरोपच्या सत्तावीस देशांची मिळून आयात याच्या पाव भागाइतकीही भरत नाही. तर ज्याच्या दारात मालच येत नाही त्याने दार उघडे ठेवले, यात विशेष काय?

पण युरोपला कापूस लागत नाही असे थोडेच आहे! लागतो, आणि चिक्कार लागतो. तो शिवून येतो. शर्ट म्हणून, चादर म्हणून, जीन्स म्हणून येतो. आणि तिथे मात्र शुल्क आहे. सर्वसाधारण दर पाहा : रुईला शून्य, सुताला ४-५ टक्के, कापडाला ८ टक्के, तयार कपड्याला १२ टक्के. ज्या पायरीवर त्यांचा कारखानदार उभा आहे त्या पायरीवर त्यांनी कुंपण घातले आहे आणि जिथे कोणी नाही तिथे फाटक काढून ठेवले आहे. गरीब देशांना त्यातून सूट मिळते, बांगलादेशला मिळते, भारताच्या कपड्याला मात्र तशी पूर्ण सूट आजच्या घडीला नाही. ही सगळी शिडी दाखवायची सोडून तक्त्याने फक्त खालची पायरी दाखवली.

आता गाळलेल्या रकान्याकडे येतो.

ग्रीस १९८१ मध्ये युरोपीय समुदायात आला, तेव्हा प्रवेशाच्या करारालाच कापसासाठी एक स्वतंत्र मसुदा जोडलेला होता. आमच्याकडे मुलीच्या याद्या करताना भांडीकुंडी लिहून घेतात, तसे ग्रीसने लिहून घेतले की रुईवर शुल्क नसले तरी आमच्या कापूस पिकवणाऱ्याला आधार द्यावा लागेल. नियम अनेकदा बदलले, कपात झाली, पण तो आधार आजही चालू आहे. आजच्या नियमाने ग्रीसमधल्या शेतकऱ्याला कापसाच्या हेक्टरामागे सुमारे ७३० युरो मिळतात, अडीच लाख हेक्टरांच्या मर्यादेत. स्पेनमध्ये हेक्टरी बाराशे युरोंच्या वर, ४८ हजार हेक्टरांपर्यंत. हे पैसे पीक म्हणून कापसाचे; इतर पिकांसारखे जमिनीवर मिळणारे अनुदान वेगळे.

मुनीम असल्यामुळे लगेच एकरात बसवून पाहिले. युरो आज शंभर रुपयांच्या वर आहे. ७३० युरो म्हणजे हेक्टरी त्र्याहत्तर हजारांच्या पुढे, एकरी तीसेक हजार. माझ्या पाच एकर पऱ्हाटीला ग्रीसच्या दराने दीड लाख रुपये मिळाले असते, आणि तेही कापूस विकण्याच्या आधी हिशेबात धरता आले असते. मला काय मिळते? पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००. एकूण १२,०००, अख्ख्या कुटुंबाला, पीक कोणतेही असो. मी त्याला नावे ठेवत नाही. युरियाची आणि डवऱ्याची सोय होते. पण शुल्काच्या रकान्यात आम्हाला ग्रीसच्या शेजारी बसवायचे आणि मदतीच्या रकान्यात पान उलटायचे, ही तुलना नव्हे.

ग्रीसच्या शेतकऱ्याचा मला हेवा वाटतो असेही समजू नका. २०२३ च्या सप्टेंबरात 'डॅनियल' वादळाने थेसलीचे मैदान पाण्याखाली गेले. वेचणीला आलेला कापूस तळ्यात उभा असलेले फोटो मी पाहिले, आणि बोंड सडल्यावर जो आंबूस वास येतो तो फोटोतून आल्यासारखे वाटले. तो वास आमच्या ओळखीचा आहे. या सप्टेंबरात इकडेही तेच झाले. खालची पहिली फूट, जिच्यावर आमचा सगळा भरवसा, ती झाडावरच काळी पडली. जे वेचले त्यात कवडी, म्हणजे खराब कापूस, निघाली.

आता माझ्या घरचे सांगतो, कारण शुल्क आणि तारीख यांचा संबंध तिथे नीट दिसतो.

२०२१ च्या अर्थसंकल्पात तुम्ही कापसावर ५ टक्के मूळ शुल्क, ५ टक्के कृषी उपकर आणि त्यावरचा अधिभार मिळून ११ टक्के लावले. २०२२ च्या एप्रिलात ते ऑक्टोबरअखेरपर्यंत माफ केले. त्या वर्षी भाव दहा हजारांवर गेला होता, पण एप्रिलात आमच्या घरी कापूस कुठे होता? तो व्यापाऱ्याच्या जिनात होता. पुढच्या हंगामात मात्र दहा हजारांची आस धरून गावोगाव लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. जूनपर्यंत भरून ठेवला. लेकरांच्या अंगावर पुरळ उठले, पेरणी तोंडावर आली, आणि शेवटी मिळेल त्या भावात बाहेर काढला. त्या वेळचे खाजवणे अजून कोणी विसरलेले नाही.

यंदा १९ ऑगस्टपासून पुन्हा माफी. पोळ्याला तीन दिवस होते. पऱ्हाटी पात्याफुलांवर होती, म्हणजे बी, खत, निंदण सगळा पैसा जमिनीत गेलेला. आधी म्हणालात ३० सप्टेंबरपर्यंत. दहा दिवस झाले नाहीत तोच ३१ डिसेंबर केले. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले, कपडा निर्यात करणारे अडचणीत आले, त्यांना स्वस्त रुई मिळावी हा हेतू. अडचण खरी होती, ते मान्य. पण जहाजाचा हिशेब करा. परदेशात सौदा केला की माल गिरणीत पडायला दोन महिने लागतात. सप्टेंबरात केलेला सौदा नोव्हेंबरात बंदराला लागतो. आम्ही सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) घालून पहिली वेचणी करतो तीही दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, आणि तो कापूस बाजारात येतो नोव्हेंबरातच. वर्षाचे बारा महिने सोडून नेमके हेच दोन कसे निवडले गेले, हे मला कोणी सांगावे.

माफी जाहीर झाली त्या दोन दिवसांत भारतीय कापूस महामंडळाने आपल्याकडच्या गाठींचा विक्रीभाव खंडीमागे ११०० रुपयांनी उतरवला. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. ११०० भागिले साडेदहा, क्विंटलमागे शंभर-सव्वाशेच्या मधला आकडा. माझा यंदाचा कापूस वीस क्विंटल. दोन हजार रुपये धरा. वेचाई किलोला दहा रुपये चालू आहे, म्हणजे दोन क्विंटलची वेचाई गेली. हे दोन दिवसांत, आणि एकही बोंड फुटायच्या आधी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक व्यापारी खेडा खरेदीला आला. त्याने बाह्या वर सारल्या आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. वरचा कापूस कोणी पाहत नाही. आतून मूठभर काढला, नाकाशी नेला, मग दोन्ही अंगठ्यांत धरून तंतू ओढला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ओलावा मोजायचे मशीन खुपसले. "पंधरा दाखवते भाऊ," म्हणाला. मी म्हटले, दोन दिवस वाळवला आहे. तो हसला. "वाळवा अजून. पण तवरोक भाव राहीन का, ते मले इचारू नका. बाहेरचा माल उतरून रायला तिकडे." मी जिनिंगमध्ये होतो तेव्हा आम्हीही असेच काहीतरी सांगायचो, फक्त तेव्हा न्यूयॉर्कचा वायदा पुढे करायचो. त्यामुळे राग धड त्याच्यावर काढता येईना. कृषी केंद्राची उधारी होती, रब्बीचा हरभरा पेरायचा होता. बारा क्विंटल दिला, ६,७०० ने.

तुम्ही म्हणाल, हमीभाव आहे ना. लांब धाग्याच्या कापसाला यंदा ८,११० आहे, मध्यमला ७,७१०. आहे, आणि तो वाढवला याबद्दल आभारही मानतो. पण हमीभावाची खरेदी ८ ते १२ टक्के ओलाव्याची. १२ च्या वर गेला की गाडी परत. पावसाने भिजलेली पहिली वेचणी, दिवाळीनंतरची धुकट सकाळ, आणि घरात वाळवायला जागा नाही. तो कापूस १२ वर आणायला दिवस लागतात, आणि दिवस ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे सहसा उधारी नसते. गेल्या हंगामात महामंडळाने सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला. फार मोठे काम झाले. तरी देशाच्या पिकाचा तो तिसरा हिस्सा. उरलेले दोन हिस्से खुल्या बाजारात गेले, आणि खुल्या बाजाराला भाव कोण सांगतो ते वर लिहिलेच आहे.

गिरणीवाल्यांची बाजू मला माहीत नाही असे नाही. त्यांच्या दोन तक्रारी तर मी स्वतः खतावणीच्या बाजूने केलेल्या आहेत. एक, आमच्या कापसात कचरा असतो. खताच्या पिशवीचे प्लास्टिकचे धागे, केस, पालापाचोळा. वेचणाऱ्या बाया रिकाम्या खताच्या पोत्यात कापूस भरतात, कारण सुती झोळ्या कोणी दिल्या नाहीत, आणि एक निळा धागा रुईत गेला की सुतापासून कापडापर्यंत दिसत राहतो. दुसरी, फार लांब धाग्याचा कापूस आपल्याकडे पुरेसा पिकत नाही. इजिप्तचा किंवा अमेरिकेचा पिमा त्यांना आणावाच लागतो. म्हणून ३२ मिलिमीटरच्या वरच्या धाग्यावरचे शुल्क तुम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले, त्याला माझी काही हरकत नाही. ऑस्ट्रेलियाशी करार करून ५१ हजार टन बिनशुल्क दिले, तेही पचले. पण आमच्याच मापाचा, अठ्ठावीस-एकोणतीस मिलिमीटरचा माल आमच्याच हंगामात येतो तेव्हा तो गुणवत्तेसाठी आणलेला नसतो. तो भावासाठी आणलेला असतो.

आणि ज्या ब्राझीलचा, अमेरिकेचा हा माल आहे तिथले शेतही पाहा. ब्राझीलमध्ये हेक्टरी अठराशे किलोच्या आसपास रुई निघते, आपल्याकडे देशाची सरासरी साडेचारशेच्या आसपास, आणि कोरडवाहू विदर्भात तीही गाठत नाही. याच ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला, २००५ मध्ये जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर घेऊन तो मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार देशांनीही २००३ पासून तीच तक्रार लावून धरली आहे. म्हणजे श्रीमंत देशांतला कापूस स्वस्त कशामुळे होतो, हे काही राळेगावात लागलेला शोध नाही. त्यांचा खजिना त्या गाठीत आधीच भरलेला असतो. ११ टक्के शुल्क म्हणजे त्याच्यासमोर धरलेले एक सूप. तेवढे तरी पावसात काढून घेऊ नका.

माझे मागणे थोडके आहे. ३१ डिसेंबरला माफी संपू द्या. पुढे कधी गिरण्यांना खरोखर टंचाई पडलीच, तर माफी मे ते ऑगस्टमध्ये आमच्या बंदरात माल उतरेल अशा बेताने द्या, आणि ऑक्टोबर ते मार्चमध्ये उतरणाऱ्या मालाला देऊ नका. जी द्यायची ती मृगाच्या आधी जाहीर करा, म्हणजे ज्याला पऱ्हाटी नको तो सोयाबीन किंवा तूर पेरून मोकळा होईल. आणि युरोपचे शून्यच हवे असेल, कायमचे हवे असेल, तर माझी तयारी आहे. फक्त ग्रीसचा हेक्टरी आकडाही त्याच अधिसूचनेत छापा. तीस हजार नको, त्याच्या निम्मे लिहा. मी स्वतः पुतण्याच्या तक्त्यावर सही करून देतो.

राहिलेला आठ क्विंटल कापूस समोरच्या खोलीत आहे, खिडकीच्या वरपर्यंत. आईची खाट ओसरीत काढली आहे. थंडी वाढली तसे तिने काल विचारले, "केव्हा नेतं रे बाबू हा कापूस?" मी तिला एक तारीख सांगितली. जानेवारीतली आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ
डिसेंबर २०२५

ता. क. : तक्त्यात गाठी लिहाल तेव्हा गाठ किती किलोची तेही लिहायला सांगा. आपली १७० किलोची, अमेरिकी आकडेवारीतली ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोची. आपल्या ४१ लाख गाठी त्यांच्या मापाने ३२ लाखच भरतात. वर्षही पाहावे, आपला कापूस हंगाम ऑक्टोबरपासून, त्यांचा ऑगस्टपासून, आणि सीमाशुल्काचे आकडे एप्रिलपासून. पुतण्याच्या तक्त्यात तिन्ही वर्षे एकाच ओळीत होती. जिनिंगमध्ये अशी खतावणी लिहिली असती तर शेटजींनी मला त्याच दिवशी घरी पाठवले असते.